इन्सुलिन वाढतंय, साखर हटत नाही: बोक्याच्या पिट्युटरीत गाठ आहे का, हे कसं ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: साधारण दहा वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. आठ महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. इन्सुलिन एका युनिटपासून सुरू झालं आणि आता सकाळ-संध्याकाळ दहा-दहा युनिटपर्यंत आलंय, तरी साखर चारशेच्या खाली उतरत नाही. भूक प्रचंड आहे आणि वजन ५.६ किलोवरून ६.४ किलो झालंय. डॉक्टरांनी पिट्युटरी ग्रंथीत गाठ असण्याची शक्यता सांगितली आणि एमआरआय सुचवला. तो लगेच करावा का? त्याआधी दुसरी काही तपासणी असते का?

तुमच्या डॉक्टरांचा संशय रास्त आहे. एमआरआय मात्र पहिल्या पायरीवर येत नाही. त्याआधी रक्ताची एक तपासणी येते आणि त्याही आधी घरात बसून करायच्या काही गोष्टी येतात. या गोष्टी फुकट आहेत, म्हणूनच त्या सगळ्यात जास्त राहून जातात.

आधी संशय रास्त का आहे ते सांगतो. साखर ताब्यात नसलेलं मांजर वाळत जातं. खातं भरपूर, पण पाठीचा कणा हाताला लागायला लागतो, कारण खाल्लेली साखर पेशींत शिरतच नाही, ती लघवीवाटे निघून जाते. साखर महिनोन्महिने चारशेच्या घरात आणि तरीही वजन वाढतंय, हे गणित नुसत्या मधुमेहाने सुटत नाही. शरीर वाढवणारं दुसरं काहीतरी आत काम करतंय असा त्याचा अर्थ होतो. माझ्याकडे असा बोका आला, की मी साखरेच्या कागदाआधी गेल्या वर्षभरातल्या वजनाच्या नोंदी मागतो.

ते 'दुसरं काहीतरी' बहुतेक वेळा ग्रोथ हार्मोन असतं. पिट्युटरी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली पियुषिका ग्रंथी, मेंदूच्या तळाशी कवटीच्या हाडातल्या एका खोबणीत बसलेली असते. मांजरात तिची उंची तीन-साडेतीन मिलिमीटर, म्हणजे मुगाच्या दाण्याएवढी. तिच्या पुढच्या भागात ग्रोथ हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ झाली, की दोन गोष्टी एकदम घडतात. हे हार्मोन इन्सुलिनच्या कामात थेट अडथळा आणतं, म्हणून साखर वाढते आणि बाहेरून दिलेलं इन्सुलिन तोकडं पडतं. दुसरीकडे यकृत त्याच्या हुकुमाने आयजीएफ-वन नावाचं दुसरं हार्मोन तयार करतं आणि त्याने हाडं, कातडी, हृदय, मूत्रपिंडं, जीभ, सगळंच जाडावतं. वाढ संपलेल्या वयात हाडं लांब होऊ शकत नाहीत, ती रुंद होतात. माणसांतल्या या आजाराला ॲक्रोमेगली म्हणतात. मांजरांतही तेच नाव रुळलंय. गाठ बहुधा कर्करोगाची नसते, ॲडेनोमा प्रकारची असते. ती दूरवर पसरत नाही. त्रास तिच्या हार्मोनचा आणि पुढे वाढली तर तिच्या आकाराचा असतो.

हा आजार दुर्मिळ आहे असं आम्हाला कॉलेजात शिकवलं गेलं होतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीनंतर ती समजूत टिकली नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १२२१ मधुमेही मांजरांचं आयजीएफ-वन मोजलं गेलं आणि ३१९ मांजरांमध्ये, म्हणजे दर चारांत एकात, ते १००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर निघालं. ही काही मुद्दाम निवडलेली 'अवघड' मांजरं नव्हती. याहून बोलका आकडा डॉक्टरांबद्दलचा आहे: पातळी वाढलेल्या या मांजरांपैकी जेमतेम चौथाई मांजरांच्या डॉक्टरांना आधीपासून ठाम संशय होता. बाकीच्या मांजरांबद्दल तसा ठाम संशय नव्हता. हे प्रमाण ब्रिटनमधलं आहे, ते जसंच्या तसं पुण्या-मुंबईला लावू नये. पण आपल्याकडे हा आजार 'दिसत नाही' यातला मोठा भाग 'शोधला जात नाही' असाच आहे, अशी माझी खात्री आहे.

आता घरच्या तपासणीकडे येतो. दहा युनिट म्हणजे दहा युनिटच जातंय का, हे आधी पक्कं करा. ६.४ किलोच्या बोक्याला एका वेळी दहा युनिट म्हणजे किलोमागे दीड युनिटच्या वर. किलोमागे दीड ते दोन युनिट देऊनही साखर हटत नसेल तर त्याला इन्सुलिन-रोध म्हणायचं, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे तुमचा बोका त्या रेषेवर उभा आहे, आणि रेषेवरच्या रुग्णात मोजमापाची चूक सगळं चित्र पालटून टाकते.

भारतात ही चूक होण्याची एक खास जागा आहे. मेडिकलच्या दुकानात माणसांचं जे साधं इन्सुलिन बाटलीत मिळतं ते बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटरचं असतं. ग्लार्जिनसारखं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन १०० चं. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या: चाळीसवाल्याला लाल टोपी, शंभरवाल्याला नारिंगी. दुकानदार हातात येईल ती देतो. चाळीसचं इन्सुलिन नारिंगी टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलंत तर प्रत्यक्षात चारच युनिट जातात. मग तो इन्सुलिन-रोध नव्हेच, डोस कमी पडतोय. उलट गफलत जास्त धोक्याची: शंभरचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहापर्यंत भरलं तर पंचवीस युनिट जातात आणि बोका संध्याकाळपर्यंत बेशुद्ध पडू शकतो. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकदा शेजारी-शेजारी धरून वाचा. फोटो काढून डॉक्टरांना पाठवलात तर उत्तम.

मग साठवण. इन्सुलिन फ्रिजच्या दारात आहे की फ्रीझरला खेटून? गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसू शकतं, काम मात्र नीट करत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात ते दुकानातून घरी कसं आलं? बाटली उघडून किती दिवस झाले? सुई दररोज मानेच्या त्याच जागी टोचली जाते का? तिथली कातडी जाड झाली की औषध नीट शोषलं जात नाही. दाट केसांच्या मांजरात सुई कातडीतून आरपार जाते आणि इन्सुलिन केसांत सांडतं. हात लावून पाहिलं तर ओल लागते आणि इन्सुलिनचा उग्र वासही येतो. आणि हे 'दहा युनिट' मिक्स्टार्डसारख्या मिश्र इन्सुलिनचे असतील तर इन्सुलिन बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. मांजरात त्याचा परिणाम फार लवकर ओसरतो आणि उरलेला निम्मा दिवस साखर चढलेलीच राहते.

साखर कुठे मोजली हेही महत्त्वाचं. रिक्षातून, पिशवीत कोंबून, कुत्र्यांनी भरलेल्या प्रतीक्षागृहात आणलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने तीनशेच्या वर जाते. दवाखान्यातल्या एका आकड्यावर डोस वाढवत नेणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे आणि मला तो अजिबात पटत नाही. घरी कानाच्या कडेला टोचून बारा तासांत दर दोन तासांनी साखर पाहा, किंवा माणसांसाठी मिळणारा चौदा दिवसांचा सेन्सर कातडीवर लावून घ्या. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो, पण चढ-उताराचा आलेख कळायला तो पुरेसा आहे. सोबत फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी केली तर गेल्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते आणि भीतीमुळे चढलेली साखर त्यात येत नाही.

डोस आणि मोजणी दोन्ही बरोबर निघाली, की 'आणखी काय दिलं गेलंय' हा प्रश्न. गेल्या सहा-आठ महिन्यांत खाजेसाठी किंवा तोंडातल्या जखमांसाठी कुठलं इंजेक्शन दिलं होतं का? 'एकदा घेतलं की महिनाभर बघायला नको' असं जे इंजेक्शन असतं ते बहुधा दीर्घकाळ टिकणारं स्टिरॉइड असतं आणि त्याने इन्सुलिन आठवडेच्या आठवडे निष्प्रभ होऊ शकतं. माजावर येऊ नये म्हणून किंवा घरात लघवी मारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्याही हेच करतात. कानात आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांतही स्टिरॉइड असतं, ते लोक 'औषध' धरतच नाहीत. याखेरीज किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या, लघवीतला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइडचा अतिरेक, मूत्रपिंडाचा आजार, हे सगळे इन्सुलिनला विरोध करतात. तोंड उघडून पाहणं, लघवीचं कल्चर, पोटाची सोनोग्राफी, टी-फोर (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि नेहमीचं रक्त एवढ्यात यातलं बहुतेक उरकतं.

रक्ताच्या नेहमीच्या रिपोर्टात ॲक्रोमेगलीची खूण शोधत बसू नका. फॉस्फेट थोडं वर, एकूण प्रथिनं थोडी वर, यकृताची एन्झाइम्स वाढलेली, असं दिसू शकतं, पण यातलं बरंचसं कुठल्याही मधुमेही मांजरात दिसतं.

बोक्याकडे पाहणं मात्र सोडू नका. रोज डोळ्यांसमोर असलेल्या जनावरातला बदल घरच्यांना दिसत नाही. मोबाइलमधले तीन-चार वर्षांपूर्वीचे समोरून काढलेले फोटो काढा आणि आजचा फोटो बाजूला ठेवा. चेहरा रुंद, डोकं बोजड, नाकाडाचा भाग जाड झालाय का? खालचा जबडा पुढे आलाय का, खालचे सुळे ओठाबाहेर डोकावतात का, दातांमधल्या फटी वाढल्या आहेत का? पंजे मोठे वाटतात का? झोपेत घोरायला लागलाय का? हे घोरणं फार उपयोगी चिन्ह आहे, कारण टाळूचा मऊ भाग जाडावून श्वासनलिकेच्या तोंडाशी दाटी होते. घरचे त्याला 'म्हातारा झाला' म्हणून हसण्यावारी नेतात. उडी मारायची टाळतो का? सांधे जाडावल्याने लंगडणं येतं आणि तेही वयावर ढकललं जातं. तपासताना पोटात मूत्रपिंडं मोठी लागतात, हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जास्तीचा आवाज, ऐकू येते. पण यातलं काहीच दिसलं नाही म्हणून आजार नाही, असं समजू नका. वर सांगितलेल्या ब्रिटिश पाहणीत डॉक्टरांना संशय न येण्याचं कारण हेच होतं. पुष्कळ मांजरं दिसायला सामान्य असतात. ठळक रुंद चेहरा ही बऱ्याचदा उशिराची अवस्था असते.

आता मूळ तपासणी: आयजीएफ-वन. संशय ग्रोथ हार्मोनचा असताना तेच का मोजत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. ग्रोथ हार्मोन रक्तात ठोक्याठोक्याने सुटतं, एका तासाला भरपूर आणि पुढच्या तासाला नगण्य. शिवाय मांजरासाठी ते मोजण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. आयजीएफ-वन दिवसभर बऱ्यापैकी स्थिर राहतं, त्यामुळे एकदाच रक्त घेऊन भागतं. मधुमेही मांजरात ते १००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेलं तर ॲक्रोमेगलीची शक्यता खूपच दाट होते. त्या पाहणीत पातळी वाढलेल्यांपैकी ६३ मांजरांचा पुढे पूर्ण तपास झाला आणि ६० मांजरांत पिट्युटरीचा दोष सापडला, म्हणजे शंभरात पंचाण्णव. वैद्यकात इतकी भरवशाची रक्ततपासणी क्वचित मिळते. ८०० ते १००० च्या मधला आकडा आला तर निर्णय न घेता दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचं.

ही तपासणी कधी करायची, यावर मात्र तिची सगळी किंमत ठरते. आयजीएफ-वन बनवायला यकृताला इन्सुलिन लागतं. नुकता मधुमेह निघालेल्या, इन्सुलिन सुरू न झालेल्या मांजरात ते खोटं कमी येऊ शकतं, गाठ असली तरीही. म्हणून इन्सुलिन सुरू होऊन सहा ते आठ आठवडे झाल्यावर मोजणं चांगलं. सुरुवातीलाच केलं आणि कमी आलं, तर तो रिपोर्ट फाइलला लावून विसरून जाऊ नये, पुन्हा करावं. मांजर कित्येक दिवस जेवलेलं नसेल तरीही आकडा घसरतो. तुमच्या बोक्याचे आठ महिने झाले आहेत, खाणंही व्यवस्थित आहे. त्याच्यासाठी ही वेळ अगदी योग्य आहे.

नमुना कुठे पाठवायचा हे डॉक्टरांनी प्रयोगशाळेशी बोलून ठरवावं. आपल्याकडे पुष्कळदा हे रक्त माणसांच्या प्रयोगशाळेत जातं. मांजराचं आयजीएफ-वन माणसाच्या रेणूशी पुष्कळ जुळतं, त्यामुळे काही किट ते वाचू शकतात, पण त्या किटची मांजरावर पडताळणी झाली आहे का, हे विचारलंच पाहिजे. रक्तात हे हार्मोन दुसऱ्या प्रथिनांना बांधलेलं असतं. त्यापासून ते नीट सोडवून मोजलं नाही तर आकडा चुकतो. रिपोर्टात छापलेली 'नॉर्मल' मर्यादा माणसाच्या वयाप्रमाणे असते. तिच्याशी ताडून 'हाय' किंवा 'लो' असं जे आपोआप छापलं जातं त्याकडे पूर्ण दुर्लक्ष करा. एककही पाहा: काही प्रयोगशाळा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये उत्तर देतात आणि तिथे १००० नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे १३१. 'एकशे चाळीस आलंय, म्हणजे कमीच आहे' अशी गफलत यातूनच होते.

आयजीएफ-वन चारशे-पाचशेच्या आसपास आलं आणि वर सांगितलेल्या बाकीच्या गोष्टी तपासून झाल्या नसतील, तर एमआरआयच्या आधी त्या तपासा. हजारावर आलं तर मग स्कॅनचा विचार.

स्कॅन सीटी करायचा की एमआरआय? एमआरआयमध्ये ग्रंथी जास्त स्पष्ट दिसते. त्याच ६३ मांजरांपैकी ५६ मध्ये सीटीवर गाठ दिसली, आणखी ३ मध्ये ती एमआरआयवर सापडली आणि एका मांजरात मृत्यूनंतरच्या तपासणीतच कळली. म्हणजे सीटी बहुतेकांचं काम भागवतो, सगळ्यांचं नाही. सीटी काही मिनिटांत होतो, एमआरआयला बराच जास्त वेळ आणि तितकीच लांब भूल लागते. मधुमेही, वयस्क, कदाचित जाड झालेल्या हृदयाच्या बोक्यासाठी भुलीचा वेळ ही किरकोळ गोष्ट नाही. मेंदूची लक्षणं नसतील आणि फक्त हार्मोनच्या गाठीला दुजोरा हवा असेल तर मी आधी रंगद्रव्य देऊन केलेल्या पातळ कापांच्या सीटीकडे झुकतो. गोलगोल फिरणं, फिट येणं, गुंगीत राहणं असं काही असेल किंवा किरणोपचाराचा वा शस्त्रक्रियेचा बेत असेल, तर एमआरआय.

पुण्या-मुंबईत आता प्राण्यांसाठी स्वतःची यंत्रं येऊ लागली आहेत. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं तेव्हापासून मोठ्या तपासण्यांसाठी एक मोठी जागा वाढली. माणसांच्या केंद्रात स्कॅन करायची वेळ आली तर एक गोष्ट डोक्यात ठेवा. माणसाची पिट्युटरी आठ-नऊ मिलिमीटरपर्यंत सामान्य धरतात. मांजरात चार मिलिमीटरच्या वर गेली की ती मोठी. माणसांचे रेडिओलॉजिस्ट सहा मिलिमीटरची ग्रंथी पाहून 'पिट्युटरी नॉर्मल' असं प्रामाणिकपणे लिहितील. म्हणून रिपोर्टात मिलिमीटरमधली उंची लिहून मागा आणि मूळ प्रतिमा पेनड्राइव्हवर घेऊन प्राण्यांच्या रेडिओलॉजिस्टला किंवा न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. रंगद्रव्य दिल्यावर ग्रंथी उजळलेली दिसते, तो दोष समजू नये. ही ग्रंथी निरोगी असतानाही उजळते. पाहायचं ते तिचा आकार आणि ती खोबणीच्या वर फुगून आली आहे का, ते.

स्कॅन 'नॉर्मल' आला आणि आयजीएफ-वन दोनदा हजाराच्या वर असेल, तर मी आयजीएफ-वनवर विश्वास ठेवतो. काही मांजरांत गाठ फार बारीक असते, काहींत सुटी गाठ नसतेच, त्या पेशींची नुसती दाट वाढ असते. सहा महिन्यांनी पुन्हा पाहता येतं.

भुलीबद्दल दोन शब्द, कारण हे आधी बोललं जात नाही. स्कॅनआधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. ॲक्रोमेगलीत हृदयाची भिंत जाडावते आणि अशा हृदयाला सलाइन भराभर दिलं तर फुप्फुसांत पाणी होऊ शकतं. घसा दाटलेला असल्याने श्वासनळी घालताना नेहमीपेक्षा लहान नळी हाताशी ठेवावी लागते. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांच्या कामाचा आकडा, पाहिल्याशिवाय रंगद्रव्य देऊ नये. त्या सकाळी उपाशीपोटी पूर्ण डोस टोचून आणू नका; किती द्यायचा हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा.

पिट्युटरीची दुसरी गाठ असते ती एसीटीएच बनवणारी. हे हार्मोन मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवायला लावतं. ते जास्त झालं की कुशिंगचा आजार. मांजरात तो बराच दुर्मिळ आहे, पण त्यातही बहुतेकांना मधुमेह होतो, म्हणून गोंधळ होतो. चेहरामोहरा मात्र उलटा असतो. ॲक्रोमेगलीचा बोका जाड, भरीव, जाड कातडीचा. कुशिंगची मांजर सुटलेल्या पोटाची, झडलेल्या मांसाची, विरळ केसांची. कातडी इतकी पातळ की मानेला धरून उचलताना फाटते. असं फाटलेलं मधुमेही मांजर समोर आलं की मी टाके घालायच्या आधी कॉर्टिसॉलचा विचार करतो. इथे कुत्र्यांच्या सवयी चालत नाहीत. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देऊन कॉर्टिसॉल दबतं का, हे पाहायच्या चाचणीत कुत्र्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम देतात. मांजराला त्याच्या दहापट, ०.१ मिलिग्रॅम, आणि रक्त सुरुवातीला, चार तासांनी आणि आठ तासांनी. कुत्र्याच्या डोसने निरोगी मांजरातही कॉर्टिसॉल नीट दबत नाही आणि नसलेला आजार निघतो. एसीटीएच देऊन करायची चाचणी मांजरात पुष्कळ रुग्ण निसटू देते. मला आवडतं ते घरी गोळा केलेल्या लघवीतलं कॉर्टिसॉल-क्रिएटिनिन प्रमाण, कारण त्यात दवाखान्याची भीती मिसळत नाही. मांजराच्या शौचपेटीतली माती लघवी शोषून घेते, म्हणून दोन दिवस तिच्याजागी मत्स्यपेटीतले धुतलेले खडे ठेवायचे. प्रमाण सामान्य आलं तर कुशिंग जवळपास बाद. वाढलेलं आलं तर पुढची डेक्सामेथासोनची चाचणी. सोनोग्राफीत दोन्ही अधिवृक्क ग्रंथी मोठ्या दिसल्या तर बोट पिट्युटरीकडे, एकच मोठी आणि दुसरी सुकलेली असेल तर त्या ग्रंथीकडे. ॲक्रोमेगलीतही दोन्ही थोड्या वाढतात, त्यामुळे सोनोग्राफी एकटी पुरत नाही. तुमच्या बोक्याच्या वर्णनात कुशिंगचं काहीच नाही.

तिसरा प्रकार काहीच हार्मोन न बनवणारी मोठी गाठ. इथे रक्त गप्प असतं आणि मेंदू बोलतो: मांजर खायचं सोडतं, कोपऱ्यात भिंतीला डोकं लावून बसतं, एकाच बाजूला फिरतं, फिट येते, कधी दोन्ही बुबुळं विस्फारून अचानक दिसेनासं होतं. मांजरात पिट्युटरीच्या वरचं झाकण अपुरं असतं, म्हणून गाठ आधी वर मेंदूकडे सरकते. माणसात नजर जितकी लवकर जाते तितकी इथे जात नाही आणि सुस्ती आधी येते. एकाएकी आंधळं झालेलं मांजर आलं तर आधी रक्तदाब मोजा, कारण उच्च रक्तदाबाने दृष्टिपटल सुटणं हे कितीतरी जास्त आढळतं. मेंदूची लक्षणं असली तर सरळ एमआरआय, कारण मेनिंजिओमा आणि लिम्फोमा या दुसऱ्या प्रकारच्या गाठीही असंच सोंग आणतात.

निदान पक्कं करून पुढे काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण स्कॅनचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. ग्रंथीच शस्त्रक्रियेने काढणं हा मुळावरचा इलाज. लंडनचं रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि नेदरलँड्समधलं उट्रेख्त विद्यापीठ ही त्यातली जाणती ठिकाणं. तिथे पुष्कळ मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटलं आहे. किरणोपचाराने गाठ आकसते, पण मधुमेह सुटेलच असं नाही. ग्रोथ हार्मोन दाबणारं पॅसिरिओटाइडचं इंजेक्शन परिणामकारक आहे आणि फार महाग आहे. त्याच कामासाठी दिलं जाणारं कॅबरगोलिन स्वस्त आणि सहज मिळणारं, पण मांजरांत त्याचे निकाल एकसारखे नाहीत. यातलं काहीच तुम्हाला शक्य नसेल आणि बोक्याला मेंदूची लक्षणं नसतील, तर आयजीएफ-वन, इको आणि रक्तदाब एवढ्यावर थांबलात तरी चालेल. स्कॅनने उपचार बदलणार नसतील तर त्याच्यासाठी भूल देऊ नये, असं माझं मत आहे. यावर सगळ्या सहकाऱ्यांचं एकमत नाही. गाठ किती मोठी आहे यावरून पुढचा अंदाज बांधता येतो, हा त्यांचा मुद्दाही खोटा नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा: सिरिंज आणि बाटली जुळते का ते पाहा, घरी साखरेचा आलेख काढा, स्टिरॉइडचा इतिहास लिहून काढा, जुने फोटो आणि वजनाच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि आयजीएफ-वनचं रक्त द्या. रिपोर्ट येईपर्यंत डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका. अशा मांजरांत ग्रोथ हार्मोन कमी-जास्त होत राहतं, काल दहा युनिटला न हटलेली साखर एखाद्या दिवशी त्याच दहाला धाडकन खाली येऊ शकते. बोका डगमगत चालला, थरथरला, नेहमीसारखा जेवायला उठला नाही, तर आधी साखर मोजा. मोजता येत नसेल तर कमी झाली असंच धरून हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा, पुढचं इन्सुलिन थांबवा आणि लगेच दवाखान्यात फोन करा.